सनईचे जोडपत्र

“वाजवू नका ते,” दत्तोबा म्हणाले. “मीच वाजिवलंय, मला ठावं हाय. सही कुठं करायची तेवढं दावा.”

मी पेन उचलून बाजूला ठेवले. सहीची घाई करणाऱ्या अर्जदाराच्या हाती मी पेन देत नाही.

माझा व्यवसाय अर्जनवीसाचा. कोल्हापुरात कचेरीच्या कुंपणालगत माझे टेबल आहे. ज्याला आपले म्हणणे कागदावर मांडता येत नाही, त्याचे म्हणणे मी साहेबलोकांना समजेल अशा भाषेत मांडतो. शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझा मसुदा वकीलसुद्धा सहसा बदलत नाहीत. याचे कारण शिस्त. अर्ज पूर्ण झाला की तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा. सोबत लावलेले पुरावे, ज्यांना आम्ही जोडपत्रे म्हणतो, तेही एकेक करून समोर ठेवायचे. त्यानंतरच ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ ही ओळ आणि तिच्याखाली सही.

दत्तोबा गडमुडशिंगीचे. सत्तरी उलटलेले. तरुणपणी त्यांनी शहरातल्या एका कंपनीसाठी सनईची कॅसेट केली होती. कॅसेटचा काळ गेला. आता मालकाच्या मुलाने ते जुने रेकॉर्डिंग मोबाइलवर चढवले होते, आणि जिकडेतिकडे अक्षता पडताना तेच वाजत होते. नावाच्या जागी मात्र फक्त ‘पारंपरिक सनई’.

“पावण्यांत सांगितलं, हे माझं हाय, तर हसत्यात,” दत्तोबांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. “म्हणत्यात, मग दावा की वाजवून! आता दात न्हाईत, फुंक न्हाय. काय दावू?”

सबब कंपनीकडे अर्ज : सदर रेकॉर्डिंगवर वादक म्हणून माझे नाव घालावे. जोडपत्र एक, कॅसेटच्या कव्हरावरील दत्तोबांचा फोटो. जोडपत्र दोन, खुद्द ते रेकॉर्डिंग. प्रकरण सरळ होते. इतके सरळ प्रकरण माझ्याकडे क्वचित येते.

मी मोबाइल त्यांच्या कानाजवळ धरला. लग्नाच्या गर्दीत ते त्यांच्या कानावर पडले होते तेवढेच. बसून असे त्यांनी कधी ऐकले नव्हते.

प्रथम त्यांचे बोट टेबलावर हलू लागले. चेहरा उजळला.

“ही सुरवात आमच्या आज्ज्याची. पहाटं देवळात वाजवायचा. आन् ही हरकत एका बँडवाल्याकडनं उचलली. त्यो क्लॅरिनेट वाजवायचा, मी मागनं चालत ऐकायचो. वरात एकीकडं, मी एकीकडं!”

पुढे चाल वर चढू लागली. बोट थांबले.

“मागं घ्या.”

“दत्तोबा, आधी पूर्ण ऐकून घ्या.”

“मागं घ्या म्हणतोय की!”

मी मागे घेतले.

“हितं. ऐकू आलं?”

“सनई फारच गोड आहे.”

“सनई सोडा. सूर ऐका, सूर!”

वाचकांसाठी खुलासा करतो. सनईला एकटा माणूस चालत नाही. एक जण चाल वाजवतो. दुसरा शेजारी बसून तशाच वाद्यातून एकच स्वर सलग धरतो. हवा गालात साठवायची, श्वास नाकाने घ्यायचा आणि तो स्वर तुटू द्यायचा नाही. यास सूर धरणे म्हणतात. ऐकणाऱ्याचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते. आता गेले. चाल सर्वांत वर पोहोचते, तेथे तो सूर क्षणभर तुटतो.

“लक्ष्मण. कोडोलीचा,” दत्तोबा म्हणाले. “जल्मभर माझ्या बाजूला सूर धरून बसला. ही वरची चाल त्याच्या आईची. रानात तण काढताना, भांगलताना म्हणायची. त्यानं गुणगुणली, मी उचलली. रेकॉर्डिंगच्या थोडं आधी म्हातारी गेलती.”

त्यांनी मोबाइलकडे बोट केले.

“त्याचा सूर कवा तुटत न्हवता. त्या दिशी तुटला. मी समद्यांसमोर बोललो, मुडद्या, तुला एक सूर धरायचाय, त्योबी धरता येईना व्हय? मला तवा कळायला पायजे हुतं. कळलं न्हाय.”

लक्ष्मण आता हयात नव्हता. लग्न केले नव्हते. भाऊबंद गाव सोडून गेले होते, त्यांचा ठावठिकाणा कोणास नव्हता.

“माझं नाव खोडा. त्याचं लिवा.”

“असे करता येत नाही. अर्जदाराच्या विरोधात जाणारे वाक्य मी अर्जात घालत नाही.”

“मग मी दुसरा अर्जवाला बघतो.”

अखेर दोन्ही नावांवर तडजोड झाली. लक्ष्मणचे वर, दत्तोबांचे खाली. मी संपूर्ण मसुदा पुन्हा लिहिला. वाचून दाखवला. त्यांनी सही केली.

कंपनीचे ऑफिस राजारामपुरीत. मी स्वतः सोबत गेलो. मालकाच्या मुलाने कव्हरावरचा फोटो पाहिला, दत्तोबांकडे पाहिले, आणि उठून नमस्कार केला.

“आजोबा, तुमचं नाव आत्ता टाकतो. ह्या खुर्चीत बसून टाकतो.”

“आन् त्याचं?”

“त्यांच्या वारसांची संमती आणा. उद्या कोण उभं राहिलं तर मी कुठं जाऊ?”

“वारस न्हाय त्याला.”

“मग माझा नाइलाज हाय.”

मी दत्तोबांना बाहेर व्हरांड्यात नेले. केवळ त्यांच्या नावाचा पहिला मसुदा माझ्या पिशवीत तसाच होता. तेवढ्यावर सही करा म्हणून मी विनविले. अर्जदाराची अशी विनवणी मी त्यापूर्वी कधी केली नव्हती.

“तुमी ऐकवलं नसतं तर केली असती,” ते म्हणाले. “आता माझं नाव वर, आन् खाली त्याचा सूर तुटतोय, हे ऐकत लग्नात जेवू कसा?”

ते रिक्षात बसून गेले. परत आले नाहीत.

रेकॉर्डिंग अद्याप वाजते. नावाच्या जागी अद्याप ‘पारंपरिक सनई’च आहे. गेल्या महिन्यात एका लग्नात अक्षता हातात घेऊन उभा होतो. चाल वर चढली, तो तुटलेला क्षण आला, आणि मांडवात मी एकटाच मान खाली घालून उभा राहिलो.

माझी शिस्त मी मोडलेली नाही. कागद असेल तर आजही शब्दन् शब्द वाचून दाखवतो. जोडपत्र गाण्याचे असेल, तर मात्र आधी सही घेतो.