त्या वाडग्यात काय होतं?

आत्या परदेशात मेली नाही.

सगळ्या भावकीला सात वर्षं हीच धास्ती होती. ती गेली भिंगारला, स्वतःच्या कॉटवर, सकाळचा चहा पिऊन.

आज वर्ष झालं. वर्षभर हे लिहायचं टाळत होते.

आत्या लष्कराच्या स्टोअरमध्ये क्लार्क होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रिटायर झाली आणि पुढच्याच महिन्यात पासपोर्टला अर्ज केला. ना टूर कंपनी, ना ग्रुप. एकटी. इंग्रजी ऑफिसपुरतं.

माझे वडील, अण्णा, तिचे धाकटे भाऊ. ते असे भडकले की विचारू नका.

"एकटी बाई परमुलखात फिरनार? लोक शेण घालतील तोंडात. गेलीस तर येऊन मला काय सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगनार," आत्या म्हणाली.

आणि गेली व्हिएतनामला.

आता गंमत ऐका. तिनं शब्द पाळला. अण्णांना शेवटपर्यंत एका अक्षरानं काही सांगितलं नाही.

परत आली की भिंगारहून रिक्षा करून आमच्याकडे नगरला यायची, थेट स्वयंपाकघरात, आणि मला सांगायची. मी हातभर अंतरावर, आणि ही बाई सभेत बोलल्यासारखी बोलायची. कारण भिंतीपलीकडे हॉलमध्ये अण्णा पेपर वाचत बसलेले असायचे.

तासतासभर पेपरचं पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

देवळं, राजवाडे, म्युझियम, यातलं ती फार सांगायची नाही. तिचं कुतूहलच वेगळं. तिथल्या बाया कपडे कुठे वाळत घालतात? बसमध्ये म्हाताऱ्याला उठून जागा कोण देतं? सकाळी उठल्यावर पहिलं काय खातात?

हॉस्टेलमध्ये आठ जणींच्या खोलीत वरच्या बेडवरची गोरी पोरगी रडायला लागली तर काय करायचं?

"काय करनार? खाली बोलावलं आन डोक्याला तेल लावून दिलं. गप झोपली."

आणि एखादी गोष्ट ऐन रंगात आली की उठायची.

"चला, येते. रिक्षा मिळायची न्हाई."

"अगं आत्या, मग? पुढे काय झालं?"

"ज्याला पायजे त्यानं विचारावं." हे हॉलकडे बघून.

अण्णा विचारायचे नाहीत. "जेवून जा," एवढंच म्हणायचे. एक नंबरचे हट्टी. आणि तीही काही कमी नाही, शेवटी एकाच आईची लेकरं.

उरलेली गोष्ट मला संध्याकाळी फोनवर मिळायची. वर ताकीद, "त्याला सांगू नको. विचारू दे."

शेवटची ट्रिप उझबेकिस्तानची.

समरकंदला एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये उतरली होती. मालकीण झुल्फिया, हिच्याच वयाची. बोलणं सगळं मोबाईलवर ट्रान्सलेट करून. पहिल्या दिवशी झुल्फियानं वाडगंभर सूप पाठवलं.

आता शेजारणीचं भांडं आपण कधी रिकामं परत देतो का? आत्यानं बॅगेतले शेंगदाण्याचे लाडू भरून वाडगं परत दिलं.

अर्ध्या तासात वाडगं पुन्हा दारात. जर्दाळू भरून.

तिकडेही हीच रीत!

आत्यानं तिच्याच चुलीवर शिरा केला. तिकडून समोसे आले. आत्यानं भाजणीची थालीपिठं लावली. तिकडून द्राक्षं.

"दोघी बी सारख्याच. कुनीच हार मानंना. बुखाऱ्याची गाडी दोनदा हुकली माझी! चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यात वाडगं. वर झाकण. मी खाली बसले, झाकण उचललं..."

आणि उठली. "चला, येते."

हॉलमध्ये पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता विचारतात.

अण्णा खाकरले. म्हणाले, "जेवून जा."

त्या संध्याकाळी तिला फोन करायचा राहिला. शाळेचे पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशीही राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला.

त्या दोन दिवसांचा मला अजून स्वतःवर राग येतो.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले. अण्णा स्वयंपाकघरात आले.

"प्रज्ञे, त्या वाडग्यात काय हुतं गं?"

सात वर्षांतला पहिला प्रश्न.

आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

आत्याच्या मोबाईलमध्ये झुल्फियाचा नंबर सापडला. मी ट्रान्सलेट करून आधी आत्या गेल्याचं कळवलं. मग खाली अण्णांचा प्रश्न लिहिला, त्यांचं नाव न घालता. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले. ते उठेचनात, चहासुद्धा तिथेच घेतला.

दुपारी उत्तर आलं.

"काही नव्हतं. मी रिकामं पाठवलं. आमच्यात हे वाईट समजतात. पण मी भरत राहिले असते तर ती गेलीच नसती, आणि तिला बुखारा बघायचा होता. ती वाडगं छातीशी धरून माझ्याकडे आली. आधी खूप हसली, मग रडली. मीसुद्धा."

अण्णांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

थोड्या वेळानं आणखी एक मेसेज.

"ती सांगायची, 'घरी एक भाऊ आहे. त्याच्यासाठी मी प्रत्येक गोष्ट अर्धी ठेवते.' त्यानं कधी विचारलं का?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत लावला. माझ्या बापाला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

"लिही," म्हणाले. "विचारलं म्हनावं. ती गेल्यावर विचारलं."

मी तेवढंच लिहिलं.

आत्या, तुला आम्हां बापलेकींचा जयभीम.