आळेफाट्याची फायनल आणि भिवाण्णांचा आवाज

“निळ्या टाकीमागं बसलाय! टाकीमागं! आरं, बंदूक भरतोय त्यो, आत्ता घावला तर घावला! भिर्रर्रर्र!”

हा आवाज आळेफाट्यावर थेट माझ्या मिसळीत पडला. तर्रीवर लाटा उठल्या आणि शेवेचा एक तराफा पलीकडच्या काठाला लागला. मी मंचरहून नाशिकला निघालो होतो. एसटीनं फाट्यावर टायर सोडला, कंडक्टर म्हणाला, “तासभर तरी हलत नाय,” आणि एसटीचा तास किती ऐसपैस असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा उरलेला पाव तोंडात धरून मी आवाजाच्या मागे निघालो.

आवाज एका मंगल कार्यालयातून येत होता. आत लग्न नव्हतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी लांब टेबलं, त्यांच्यामागे हेडफोन घातलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि पाठीमागे भिंतभर पडदा. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाची स्पर्धा होती, आणि फायनल चालू होती: डिंगोरे विरुद्ध पारगाव. खाली माणूस इतका, की पंख्याला फिरायला जागा मागावी लागत होती.

माइकवर गुलाबी फेट्यातले भिवाण्णा. बैलगाड्यांच्या घाटावरचे (शर्यतीची चढावरची धावपट्टी) नावाजलेले निवेदक. घाटावर ह्यांनी तोंड उघडलं की पाच कोसांवरच्या गोठ्यातला म्हातारा बैलसुद्धा दावं तोडतो, असं मला शेजारच्यानं शपथेवर सांगितलं; मी त्यात फक्त दोनच कोस वाढवलेत. समोर दिसेल ते गर्दीला सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. इथं पडद्यावर दोन्ही संघांचा लपलेला गडी न् गडी दिसत होता. आण्णा इमानदारीनं सांगत होते. स्पीकरही घाटावरचेच. त्यांच्यापुढे हेडफोन म्हणजे कानात घातलेला कापूस.

डिंगोऱ्याचा कप्तान सागर पडद्यावर गर्रकन वळला आणि त्यानं टाकीमागचा गडी टिपला.

“चीटिंग!” पारगावचा कप्तान खुर्चीवरच चढला. “बाहेरून ऐकून मारलं! बंदी घाला ह्याच्यावर!”

“आन् मघाशी तू मला गवतात मारलंस, ते काय तुला सपान पडलं व्हतं?” म्हणत सागरनं टेबलावर अशी मूठ हाणली, की एक मोबाइल उडाला आणि पंचांच्या चहात जाऊन बसला.

खेळ थांबला. आयोजक शीतलताई स्टेजवर आल्या. फाट्यावरच्या कापड दुकानदार जैन घराण्यातल्या; घराणं पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं, मराठी आपल्याहून चोख. त्यांनी आधी मोबाइल चहातून काढला, पदरानं पुसला आणि मग नियम वाचला: बाहेरून मिळालेली माहिती वापरली तर सहा महिने बंदी, आणि नाव पुण्याच्या आयोजकांनाही कळवायचं.

सागरचा चेहरा उतरला. पुढच्याच महिन्यात पुण्याला निवड होती. त्यासाठी तो वर्षभर राबला होता. त्याच्या रानात रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर, म्हणून हा गडी सरावाला टाकीवर चढून बसायचा, असं त्याचे सोबती रडकुंडीला येऊन सांगत होते.

ताईंनी दोन्ही कप्तानांना वेगवेगळं विचारलं. सागर एवढंच म्हणाला, “ऐकू आलं, ताई. कान कापून ठिवू का?”

मग त्यांनी रेकॉर्डिंग पडद्यावर लावलं. आण्णा “टाकीमागं” ओरडले आणि सागर वळला. त्याआधी आण्णा “गवतात” ओरडले होते, तेव्हा पारगावचे सगळेच्या सगळे वळले होते. गर्दीत हशा उसळला. पारगावचा कप्तान खुर्चीवरून हळूच उतरला.

“चूक माझी,” ताई माइकवर म्हणाल्या. “खेळाडूला ऐकू जाईल असं निवेदन ठेवायलाच नको होतं. त्यासाठी कुणावरही बंदी नाही. फायनल पुन्हा खेळायची.” सागरनं मोठा श्वास सोडला. “पण टेबल आपटलं, दुसऱ्याचा मोबाइल उडवला, त्याला एक सामना बाहेर. म्हणजे हाच. आणि बाहेर म्हणजे हॉलच्या बाहेर.”

“फायनल हाय, ताई!”

“म्हणून तर जड जातंय मला, भाऊ.”

आण्णांची रवानगी भटारखान्यात झाली. घरी बसून बघणाऱ्यांसाठी तिथून निवेदन करायचं, तेही दहा मिनिटं उशिरानं दिसणाऱ्या पडद्यावर बघून, म्हणजे आतल्या खेळाडूंना कुणी काही कळवू शकणार नाही. ताईंनी सागरलाही तिथेच बसवलं, वर आपल्या हातानं चहा नेऊन दिला.

डिंगोरे एकाच गड्याच्या फरकानं हरलं. हॉलमध्ये एवढा गलका झाला, की कोण जिंकलं हे आतल्यांनाही दोनदा विचारावं लागलं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. फाट्यावर जायची जवळची वाट भटारखान्यातून, म्हणून मी तिकडे वळलो. तिथला खेळ अजून दहा मिनिटं मागेच होता. बटाट्याच्या पोत्यांमध्ये आण्णा फेटा सावरत गर्जत होते, “डिंगोऱ्याचं दोघं जित्तं हायेत अजून! लई झुंजत्यात, राव!” आणि सागर पडद्याला नाक लावून बसला होता. मुठी आवळलेल्या, ओठ हलत असलेले.

माझ्या पोटात बातमी राहत नाही. राहिली तर ताप येतो. नाशिकपर्यंत हा ताप काढावा लागेल की काय, असं मनात आलं. शिवाय कळायचंच आहे, तर मायेच्या माणसाकडून कळावं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “सागरभाऊ, तिकडं...”

त्यानं मान वळवली नाही.

“नका सांगू, पावणं. बाहेरून कळलेलं चालत नाय.”