मातीच्या खड्ड्याचा दावा

माझी मावशी अब्ला हातानं थापून मडकी घडवायची. आमच्या क्पांडो गावच्या बाजारात तिच्या मडक्यांना नाव होतं. माती ओढ्याकाठच्या खड्ड्यातली, तिच्या आजीच्या आजीपासूनची. एका सकाळी ती टोपली घेऊन गेली, तर वाटेवर काटेरी तार. पलीकडे क्वामी फिआग्बे सागाची रोपं लावत होता.

"एफो क्वामी," मावशीनं दादा म्हणूनच हाक मारली, "ही वाट कुणाला विचारून अडवलीस?"

"माझ्या आजोबाची जमीन, माझी तार. पटत नसेल तर जा कोर्टात."

मावशी खरंच गेली. तिला वाटलं, न्यायाधीश साहेब दोघांचं ऐकतील, गावातल्या म्हाताऱ्या अग्बेकोला हद्द विचारतील, पुढच्या पावसाआधी निकाल लागेल.

साहेबांनी ऐकलं, हातानं सगळं लिहूनही घेतलं. मग त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, साक्षी पहिल्यापासून घ्या. पुढच्या तारखेला आमच्या वकिलांचं वरच्या कोर्टात काम. त्याच्या पुढच्या वेळी दुभाषाला ताप; साहेब इंग्रजीत बोलणार, मावशीला आमच्या एवे भाषेशिवाय काही येत नाही. मोजणीदार आला तो ऐन पावसात. खड्डा पाण्याखाली. तो तसाच परत गेला. मग कोर्टाची लांबलचक सुट्टी, आणि त्या सुट्टीत अग्बेको वारला. हद्द ठाऊक असलेला तेवढाच उरला होता. मयताला मावशी रडता रडता थांबायची, मलाच विचारायची, "मी याच्यासाठी रडतेय की खटल्यासाठी गं?"

एकदा तिनं कोर्टातल्या कारकुनालाच गाठलं. "लेकरा, खरं सांग. माझा खटला कोण अडवतंय?"

"कुणी नाही, आई."

"मग पुढं का सरकत नाही?"

त्यानं कपाट उघडून दाखवलं. फायली त्याच्या पायावर पडल्या. "आणि साहेब एकच," तो म्हणाला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला कुणातरी माणसाचं नाव हवं होतं.

तिचा संशय अर्थातच क्वामीवर. पण एके दिवशी साहेब प्रशिक्षणाला गेलेले, आणि आम्ही सगळे एकाच बाकावर. क्वामी एकदम म्हणाला, "अब्ला, पुरे कर आता. किती वेळा तारखा वाढवून घेशील?"

"मी? अरे, मला वाटलं तू वाढवतोस!"

"माझी रोपं वाळवी खातेय. निकाल नाही म्हणून नवी लावता येत नाहीत. मी कशाला वाढवू?"

मग क्वामीनं पिशवीतला अबोलो, मक्याचा वाफवलेला पाव, काढून अर्धा मावशीपुढे धरला. घ्यावा की नाही ते तिचं ठरेना. शेवटी घेतला.

तिसऱ्या न्यायाधीश म्हणून एक बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "समेटाला बसता का?" मागच्या खोलीत एक मध्यस्थ होते. त्यांनी वकिलांना बाहेर बसवलं. ठरलं ते असं: साग क्वामीचा, वाट माती नेणाऱ्या बायकांची. टोपली डोक्यावर घेऊन जाता येईल एवढी. बाहेर केंके, मक्याचे आंबवलेले उंडे, विकणाऱ्या बाईनं टोपलं आवरलं नव्हतं, तोवर बाईंनी सही करून दिली.

परतताना गाडीतून उतरल्यावर मावशी म्हणाली, "एका दुपारचं काम. मग इतकी वर्षं आपण काय केलं?"

"बदली झाली, पाऊस आला, दुभाषा नव्हता..." मी सांगू लागले.

"ते सगळं खरं गं. एकेक कारण ऐकलं की पटतं. सगळी एकत्र केली की मात्र काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही माती आणली. खड्ड्यात उतरायला तिचे गुडघे तयार नव्हते. मी खणलं, ती वरून सांगत होती. त्या मातीचं पहिलं मडकं भाजताना आव्यात तडकलं. मावशीनं तुकडा उचलला, कडेनं चाचपला, जिभेला लावून बघितला. इतक्या वर्षांत माती बदलली की तिचे हात, ते काही तिला ठरवता येईना. मग तिनं दुसरं मडकं थापायला घेतलं.