हाळीमामांनी न दिलेली हाळी

हाळीमामा हॉटेलात ओरडले की बाहेर उभ्या असलेल्या टांग्याचा घोडा कान टवकारायचा. हे मी रंगवून सांगत नाही, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्या काळी जेवायला येणाऱ्या कुणालाही विचारा. हॉटेलाचं नाव मात्र विचारू नका. मी ते लिहिणार नाही. त्या मालकाची फुकट जाहिरात मी कशाला करू?

पुढं खानावळ, मागं हिरव्या काचेच्या दारामागं परमिट रूम, आणि दोन्हींच्या मधल्या चौकात निखाऱ्यांची लांब शेगडी, तिच्यावर सळईला लावलेली कलेजी चरचरत असायची. खानावळीत पेठेतली माणसं, परमिट रूममध्ये पेठेच्या जिवावर मोठी झालेली माणसं. आणि या दोघांच्या मधोमध, खांद्यावर टॉवेल टाकून, कमरेवर हात ठेवून उभे हाळीमामा. त्यांचं खरं नाव मला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "नावानं काय रस्सा गरम हुतोय व्हय?"

ते शिरोळकडचे, कृष्णेच्या काठचे. लहानपणी पलीकडच्या तीरावरच्या नावेला हाळी देऊन देऊन गळा तयार झालेला. पावसाळ्यात पाणी चढलं की नदी रुंद व्हायची, मग आवाजही तेवढाच लांब फेकायला लागायचा. कोल्हापुरात आले तेव्हा मालकानं त्यांना वाढपी म्हणून ठेवलं आणि आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं की या माणसाच्या हातापेक्षा याच्या गळ्याला पगार द्यावा. तेव्हापासून ते हॉटेल मामांच्या आवाजावर चालायचं. गिऱ्हाईक काय मागतंय ते मामा ऐकायचे आणि तिथूनच मुदपाकखान्याकडं सोडायचे: "पाच नंबरला सुक्कं, चपाती कडक! सात नंबरचं पावणं मिरजंहून आल्यात, तांबडा जपूनऽऽ!" आचारी मान वर करायचा नाही, वाढपी एकमेकांकडं बघायचे नाहीत. सगळे फक्त ऐकायचे. बैलांना जशी मालकाच्या चुचकारण्याची सवय, तशी त्या सगळ्यांना मामांची.

आमची पहिली ओळखही हाळीतच झाली. आम्ही कॉलेजातली चळवळी पोरं, खिसा कायम मोकळा. एक ताट सांगायचं आणि चौघांनी खायचं, हा आमचा उद्योग. रस्सा कितीही घ्या, हा कोल्हापूरचा धर्म, तेवढाच आधार. दुसऱ्या हॉटेलात असलं केलं की वाढपी नाक मुरडायचा. मामांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशी हाळी दिली: "एक ताट, चार तोंडंऽऽ! पांढरा हात सैल सोडून येऊ द्याऽऽ!" आम्ही लाजेनं ताटात माना घातल्या. मामा जवळ आले आणि म्हणाले, "लाजतासा कशाला? भूक काय चोरी हाय? चोरी त्या हिरव्या दारामागं चालती."

परमिट रूमवर त्यांचा फार राग. दारू प्यायला तेव्हा परवाना लागायचा आणि तो मिळायचा तब्येतीच्या कारणानं. मामा प्रत्येक झिंगलेल्या माणसाला बाहेर नेऊन टांग्यात बसवायचे आणि टांगेवाल्याला सांगायचे, "सांभाळून ने रं, आजारी माणूस हाय. औषध जरा जास्त झालंय." एकदा एका बड्या कारखान्याच्या संचालकालाच त्यांनी असं बसवलं. दुसऱ्या दिवशी मालकानं झापलं. मामा म्हणाले, "मग काय सांगायचं? परमिटावर लिवलंय तेच सांगितलं की!"

मला ते 'पुढारी' म्हणायचे. कौतुकानं नव्हे, चिडवायला. मी पत्रकं वाटत आत शिरलो की हाळी यायची: "पुढारी आलं! पाणी द्या, घसा कोरडा पडलाय देशाच्या काळजीनं!" पण माझं प्रत्येक पत्रक ते घडी घालून टोपीत ठेवायचे. मी त्यांना जीव लावला होता, हे स्पष्टच सांगतो. वडील लवकर गेलेल्या पोरानं जसा लावावा, तसा.

मग मारुतीचं झालं. मारुती राधानगरीकडचा, तिशीतला वाढपी, बायको-मुलगी गावाकडं. एका दुपारी चुलीवरून उतरवताना पांढऱ्या रश्श्याचं पातेलं कलंडलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मालकानं मलमाची ट्यूब दिली आणि "हात बरा झाला की ये" म्हणाला. हात बरा झाला, पण बोटं आत वळली ती वळलीच. मारुती परत आला तर मालक म्हणतो, "असल्या हातानं वाढलास तर गिऱ्हाईक उठून जाईल." तो वाढायचं काम मागत नव्हता. भाजी निवडतो, पाणी भरतो, दारात उभा राहतो, कायबी द्या, एवढंच म्हणत होता. मालकानं नाही म्हणजे नाहीच म्हटलं.

आमचं ठरलं: मारुतीला कामावर परत घ्यायला लावायचं. एकच मागणी. मी पत्रक लिहिलं, त्यात शोषण, भांडवलशाही, सगळं आलं. मामांनी ते वाचून टोपीत ठेवलं नाही, माझ्या हातात परत दिलं. "पुढारी, हे जेवणाऱ्या माणसाच्या घशाखाली उतरायचं न्हाय. असं लिवा की: मारुतीचा हात भाजला, मालकानं बोट न्हाय हलिवलं." मी तसं लिहिलं. अजून माझ्याकडं कुणी चांगलं पत्रक म्हणून एखादं मागितलं तर मी तेच देतो.

डावही मामांचाच. रविवारी दुपारी खानावळ गच्च भरते, बसलेल्याच्या खुर्चीमागं पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. ऐन त्या गर्दीत मामांनी हाळी द्यायची: "ताटं खाली!" की ज्याच्या हातात जे आहे ते त्यानं तिथंच ठेवायचं आणि सगळ्यांनी दाराबाहेर येऊन उभं राहायचं. बाहेर आम्ही पत्रकं घेऊन तयार. "कुणाला दुसरं काय सांगायचं न्हाय," मामा म्हणाले. "सगळी माझ्या आवाजावर हलत्यात. माझी हाळी झाली की मालक सोता मारुतीला पाट मांडून बसवंल, बगा." सगळे वाढपी तयार झाले, ते मामांवर. माझ्या पत्रकावर कोण तयार होणार होतं?

रविवारी मी दाराजवळच्या टेबलावर बसलो. शेजारी मारुती. भाजलेला हात त्यानं सदऱ्याखाली झाकला होता. खानावळ तुडुंब. खानावळीला लागून असलेल्या फॅमिली रूमचा पडदा ओढलेला होता, मामा दोनदा आत जाऊन आले. बाहेर आले तेव्हा टॉवेलानं कपाळ पुसत होते. मी मानेनं खूण केली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चांगलं सरळ पाहिलं. मग मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि छाती भरून श्वास घेतला. तो श्वास सगळ्या वाढप्यांना ओळखीचा. दोघा तरण्या पोरांनी तर शब्दाची वाटही पाहिली नाही, हातातली ताटं खाली ठेवली.

"फॅमिली रूमलाऽ पाच ताटंऽऽ! पांढरा वाढीवऽऽ!"

एवढीच हाळी. आचाऱ्यानं रश्श्याचा डाव उचलला. वाढप्यांचे पाय आपसूक चालायला लागले. मध्येच ती दोन पोरं, रिकाम्या हातांनी उभी. गल्ल्यावरून मालक उठला, सावकाश चालत आमच्या टेबलाशी आला आणि माझ्याकडं बघून हसला. "या की पुढारी, आत या. आमच्या मामाच्या लेकीला बघून पावणं जेवायला बसल्यात. सोयरीक जमली. आजचं जेवण आपल्याकडनं." त्यानं पडदा बाजूला केला. आत शेताभातातली साधी माणसं संकोचून बसली होती आणि नवरा मुलगा नव्या सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत होता. त्यांचा काय दोष? मालकानं जाता जाता त्या दोन पोरांना बोटानं दार दाखवलं.

मारुती उठला. "चला दादा," एवढंच म्हणाला. आम्ही पत्रकं तशीच घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांना त्यांच्या घरासमोर गाठलं. ते नळाला पाणी भरत होते. मी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं?

"शुक्रवारपासनं," ते म्हणाले. सरळ म्हणाले, खोटं बोलले नाहीत. मालकाला आमचा वास लागला होता. त्यानं मामांना बोलावून दम दिला नाही, पगार वाढवला नाही. त्यानं स्थळ आणलं. मुलगा बिद्रीच्या साखर कारखान्यात कायम, मागणी काही नाही, मध्यस्थ खुद्द मालक. आणि बोलणी रविवारी दुपारी, हॉटेलातच.

"मामा, लेकीचं लग्न करू नका असं कोण म्हणालं होतं? मला शुक्रवारी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"दुसऱ्या कुणाला तरी हाळी द्यायला लावली असती."

"व्हय की," मामा म्हणाले. "म्हणूनच न्हाय सांगितलं."

घागर भरून वाहत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मी आजवर पुष्कळ माणसं फुटताना पाहिली. कुणी भिऊन फुटतं, कुणी लोभानं. पण दगा देताना तो पुरता बसेल याची काळजी घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याइतकी माया मला त्या शहरात दुसऱ्या कुणी लावली नव्हती. मालकाचा राग मला चार दिवसांत गेला. मालकाचं कामच ते. मामांचं ते काम होतं का?

मी बोलायचं ते सगळं बोललो. गल्ली गोळा झाली. ज्या माणसाचा आवाज नदीपार जायचा, तो माझ्यासमोर खाली मान घालून गप्प उभा राहिला. शेवटी म्हणाले, "पोरीची आई न्हाय, पुढारी. दोन ठिकाणं मोडलीती." मी म्हटलं, "मारुतीच्या पोरीला बाप आहे, तो उपाशी आहे." आणि निघून आलो.

पुढं त्यांनी लग्नाची पत्रिका आणली. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "पुढारी, लगीन हाय. यायला पायजे." मी विचारलं, "मारुतीला दिली का?" "आदी त्यालाच दिली. राधानगरीला जाऊन आलोय." मला ते खोटं वाटलं. पत्रिका मी घेतली नाही. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली, तिच्यावर माझीच चप्पल ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि गेले. लग्नाला मी गेलो नाही.

काही महिन्यांनी राधानगरीकडं दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, तेव्हा मारुतीच्या घरी गेलो. गोठ्यात होता. एक म्हैस घेतली होती, दूध डेअरीला घालत होता. उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती, म्हणून डाव्या हातानं धार काढत होता आणि बायकोनं चरवी धरली होती. मला बघून खूश झाला. मी त्या हॉटेलाचा, मालकाचा, सगळ्याचा उद्धार सुरू केला. त्यानं ऐकून घेतलं आणि मध्येच म्हणाला,

"लगीन झ्याक झालं, दादा. तुमी का आला न्हाईसा?"

मी विचारलं, "तू गेलतास?"

"गेलतो की. बायकू-पोरगीला घिऊन. मामांनी सोता वाढलं आमाला. पोरीला परकर-पोलकं घेतलं." बायकोच्या हातची चरवी बाजूला ठेवून तो म्हणाला, "पंगत उठंपर्यंत मामा सारकं दाराकडं बगत हुते. मी म्हनलं, कुनाची वाट बगतायसा? तर म्हनलं, पुढारी येतोय का बगतोय."

"बघू दे," मी म्हणालो. "माझं काय जातंय?"

मारुतीची बायको आत निघून गेली. मारुतीनं हात धुतले, तो वाकडा हात टॉवेलात नीट गुंडाळून पुसला, एकेक बोट, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, हात माझा भाजलाय."

त्यानं दिलेलं धारोष्ण दूध मी प्यायलो आणि एस.टी. धरली. माफ करायचा हक्क मारुतीचा, तो त्यानं वापरला. पण त्या रविवारी मामांनी माझ्याकडं सरळ पाहिलं होतं, आणि ते पाहणं मारुतीच्या वाट्याला नव्हतं, माझ्या वाट्याला होतं.

कोल्हापुरात उतरलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. लक्ष्मीपुरीच्या वळणावर आलो तेव्हा मामांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता, कुणाला तरी सुक्कं, कुणाला तरी पांढरा. मी मिनिटभर उभा राहिलो. भूक लागली होती. मग पुढं जाऊन दुसऱ्या हॉटेलात जेवलो. अजूनही तिथंच जेवतो.