रोमवर रागावलेले साडूभाऊ

रोमवर रोज उठून रागावणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला, तो म्हणजे माझे थोरले साडूभाऊ. जगाच्या खाण्यापिण्याची मानकं ठरवणारी एक समिती तिथे बसते आणि कुठल्या दाण्यात बुरशीचं विष किती चालेल हे ती सांगते, हे आम्हाला धुळ्यात त्यांच्यामुळेच कळलं. ऐंशीच्या दशकात शेंगदाणे परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ते केमिस्ट होते, आणि मी तिथलंच गोदाम सांभाळायचो. समितीची पुस्तिका ते पोथीसारखी फडक्यात बांधून ठेवत आणि वाचताना तिच्याशी भांडत. "शेंग फोडलीय का यांच्यातल्या एकाने तरी? साक्रीची एखादी बाई बसवा म्हणावं तिथे!" तसं पत्रही त्यांनी रोमला धाडलं होतं. पंगतीत भजी आली की आधी तेलाचा वास घ्यायचे. भाचीच्या साखरपुड्यात तर थेट आचाऱ्यालाच विचारलं, हे तेल कितव्यांदा कढईत आलंय? आचारी झारा टाकून निघाला आणि मुलाचे वडील उखडले, "हे मामा आहेत का इन्स्पेक्टर?" आमच्या अक्का, म्हणजे साडूभाऊंच्या सौभाग्यवती, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "यासना पोटमा रोम शे!"

एके वर्षी आमची पोती मुंबईच्या तपासणीत नापास होऊन परत आली. विष मर्यादेबाहेर, थेट लिव्हर धरणारं. मालक म्हणाले, साक्रीच्या बाजारात काढून टाका. साडूभाऊ त्यांच्या टेबलाशी उभे राहून ओरडले, "तिकडच्या माणसाचं लिव्हर ते लिव्हर, आणि साक्रीच्या पोरांचं काय वांगं शे का?"

"साहेब, तुम्ही रोमलाच नोकरी बघा," मालक हसत म्हणाले.

ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मानक चांगलंच होतं हो! पण ते बोटीत चढणाऱ्या दाण्याला. टेम्पोत चढणाऱ्या दाण्याला कोण विचारतो?

साडूभाऊंनी सरकारी खात्याकडे तक्रार लिहिली, एक नक्कल रोमला. पोती माझ्या ताब्यात, म्हणून दुसरी सही माझी हवी होती. "उद्या दहाला या घरी," एवढंच म्हणाले. मी बायकोला सांगितलं की मालकांनी सावद्याला पाठवलंय, आणि दिवसभर धुळ्याच्याच एस.टी. स्टँडवर बाकावर बसून राहिलो. दुपारी पोस्टाकडे जाताना साडूभाऊंनी मला पाहिलं. थांबले. हातातला लिफाफा अजून चिकटवलेला नव्हता.

"चहा घेतला का?" म्हणाले, आणि पुढे गेले.

एका सहीची तक्रार. एका चक्रम माणसाची म्हणून ती बाजूला पडली. पोती साक्रीला गेली, साडूभाऊंची नोकरी गेली. माझी राहिली.

पुढे कित्येक वर्षं ते आमच्याकडे जेवायला आले की बायको हळहळायची, "दाजी, हे तेव्हा सावद्याला होते ना, नाहीतर यांनी सही केलीच असती." मी ताटातून मान वर काढत नसे.

"हो, सावद्यालाच होते," साडूभाऊ शांतपणे म्हणायचे, आणि माझ्याकडे भाकरी सरकवायचे.

आता साडूभाऊ नाहीत. बायको हे वाचेल, तेव्हा मी घरातच असेन.