खडू फासलेली टेप

वाटूरजवळच्या आमच्या गावात विहिरींची पातळी मोजायला येणारा माणूस गावचाच जावई. सगळे त्यांना दाजी म्हणत. टेपच्या टोकाला खडू फासून ते ती दोनदा विहिरीत सोडत आणि खडू कुठवर भिजला ते पाहून आकडा लिहीत.

विहिरीची पातळी पाहून पाणी जपणाऱ्या गावालाच परदेशी मदत मिळणार होती, म्हणून मोजणीच्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीत टँकर रिकामा केला. दाजी काठावर नुसते बसले. दुपारी पाणी खाली गेलं, मगच त्यांनी टेप सोडली.

"दाजी, सकाळचंच लिवा ना," सरपंच म्हणाले.

"सकाळी टँकर होता. आता विहीर हाय."

मदत आली नाही. दाजी अजून येतात, पाण्याची बाटली घरून घेऊन. सासुरवाडीत त्यांना साधं पाणीही कुणी विचारत नाही. मीसुद्धा.