छातीवरचं काडेपेटीएवढं यंत्र

साल दोन हजार चोवीस, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. सदऱ्याच्या आत, छातीच्या डाव्या अंगाला आवाज टिपणारं काडेपेटीएवढं एक यंत्र बांधलेलं. त्याचा तो गार, हलका स्पर्श अजून तिथंच आहे असं वाटतं. आमच्या बुऱ्हाणपूरच्या पावरलूमवर फिल्म काढायला माणसं आली होती. त्यांच्यातली आवाज टिपणारी मीराबाई म्हणाली, "काका, आता तुम्ही कुठंही जा, तुमचा शब्द वाया जाणार नाही." मी म्हटलं, "बाई, माझा शब्द आजवर वाया गेलाच नाही!" ती हसली. मी मात्र खरंच बोललो होतो.

त्या यंत्रात टाइमकोड नावाचं घड्याळ असतं. सकाळी ते आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ एकदा जुळवायचं. मग कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे असो, नाहीतर तापीच्या काठावर. दोघं दिवसभर आपापल्या वाटेनं चालतात, आणि संध्याकाळी प्रत्येक चित्राला त्याचा आवाज अचूक सापडतो. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे मला लगेच उमगलं. ताण्याचा उभा धागा वेगळा गुंडाळतात, बाण्याचा आडवा वेगळा; कापड होतं ते दोघांच्या भेटीतून. माणसांची घड्याळं अशी कोण जुळवून देतो हो?

पन्नास वर्षं मी लूमच्या खडखडाटात काढली. तिथं बोलणं ऐकायचं नसतं, पाहायचं असतं. समोरच्याचे ओठ हलले की आम्ही समजतो. कान कधी गेले ते म्हणूनच कोणाला कळलं नाही. आणि कळू द्यायला मी काय खुळा होतो? समोर उभं राहून बोला, मी खटाखट उत्तर देतो. घरी मात्र चार वर्षांपासून माझ्या बायकोनं, कमलनं, माझ्याशी अबोला धरला होता. तिनं धरला म्हणून मीही धरला. आधी मी का बोलू? नमतं घेणं माझ्या रक्तात नाही.

त्या दुपारी जेवायला घरी गेलो, आणि यंत्र काढायचं राहून गेलं. रोजच्यासारखा दारापाशी पाट घेतला. कमल ओट्यापाशी, भिंतीकडे तोंड करून भाकरी भाजत होती. मुकाट जेवलो, मुकाट उठलो.

परत गेलो तर मीराबाईचा चेहरा उतरलेला. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "काका, घरातलं सगळं यात आलंय. मी दोनच वाक्यं ऐकली आणि थांबले. हे फिल्ममध्ये जाणार नाही, पुसून टाकते. पण आधी तुम्ही ऐका." तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज पार वर नेला.

आधी बांगड्या किणकिणल्या. किती वर्षांनी! मग कमल बोलली.

"ऐकता का हो? सुशीला बीमार आहे. जैनाबादला एक चक्कर मारून येऊ का? पूल तर पार करायचा, बस." थोडं थांबून, "कालपण विचारलं होतं मी." मग भाकरी थापल्याचा आवाज. "नका बोलू. सिनेमावाल्यांसमोर सकाळपासून जबान कशी चालत होती! घरात आलं की कुलूप. या भिंतीशीच बोलते मी आता. भिंत बरी, ती उठून तर जात नाही."

आणि त्यानंतर माझा पाट सरकल्याचा आवाज आला. मी उठून गेलो होतो.

सुशीला म्हणजे तिची सख्खी बहीण. नदीच्या पलीकडे आजारी पडलेली, आणि ही माझ्या एका होकारासाठी दोन दिवस थांबलेली! चार वर्षं ज्याला मी तिचा अबोला समजलो, ते तिचं बोलणं होतं. ज्याला ती माझा अहंकार समजली, तो माझा बहिरेपणा होता. की अहंकारच? कान जाणं हा काही माझा दोष नव्हे. ते लपवणं मात्र माझंच. एकाच घरात, एकाच क्षणी आवाज तिचा होता आणि चित्र माझं. जुळवून द्यायला एक परकी बाई यावी लागली.

यंत्र परत दिलं. छातीवरची ती जागा मात्र गारच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराजवळचा पाट उचलला आणि ओट्याला लागून, माठाशेजारी मांडला, जिथून तिचं तोंड दिसतं. ती तवा सोडून बघतच राहिली. म्हटलं, "कमल, चहा झाला की जैनाबादला निघू, दोघंही. आणि मला ऐकू येत नाही गं. तू बोल, मी बघतो."